डाव्या बाजूचं दार

रविवारी सकाळी चहाचा ट्रे घेऊन शेजारी जायचं आणि रिकाम्या कपांबरोबर एखादा किस्सा घरी आणायचा, हे माझं दोन वर्षं चाललंय. आमचे हे म्हणतात, "चहा पाच मिनिटांत संपतो, तू दोन तासांनी येतेस." अहो, किस्से काय उभ्या उभ्या मिळतात?

शेजारचे मोहनराव म्हणजे रिटायर्ड ड्रॉइंग सर. त्यांच्या व्हरांड्यात लढाईतल्या गाड्यांची चिमुकली मॉडेल्स तयार होतात. मदतीला दातांचे डॉक्टर किरण, आणि बन्नूरहून बसनं येणारे हवालदारकाका. काका एकाहत्तरच्या लढाईत मिलिटरीचा ट्रक चालवायचे. आता काचबिंदूनं नजर चाललीय. त्यांचा एकच हट्ट, "दिसतंय तोवर माझी गाडी एकदा बघायची. पण माझीच! सुम्ने, उगाच कुठली तरी नको."

मोहनरावांनी वर्षभर शोधून तसाच ट्रक मागवला.

* * *

खोका आला तो अर्धा किलो मैसूरपाकाचा वाटावा एवढा! आत पिवळट तुकडे.

"हे रेझिन," डॉक्टर म्हणाले. "आमच्या कवळीचं चुलत भावंड."

नवा किट आला की आधी त्याची परीक्षा. मोहनराव लाल पेन घेऊन बसतात, वहीत दहापैकी मार्क देतात. डॉक्टरांनी दात बघायचा आरसा काढला, बॉनेटखाली घातला आणि सवयीनं म्हणाले, "आ करा... अजून मोठा."

मग मान हलवली. "साच्यात ओतताना हवा राहिलीय, भोकंच भोकं. सगळीकडे फिलिंग करावं लागणार!"

"रूट कॅनॉल नको ना?" मी विचारलं.

त्यात डावं दार पापडासारखं वाकलेलं. मार्क पडले चार!

काकांचा चेहरा उतरला. "म्हणजे नापास, सर?"

"चार मार्कवाल्याला मी कधी वर्गाबाहेर काढलं नाही," मोहनराव म्हणाले आणि कामाला लागले.

* * *

रेझिन घासलं की बारीक भुकटी उडते, ती छातीत जायला नको म्हणून हे लोक तुकडे पाण्यात बुडवून घासतात. मला काय ठाऊक? गढूळ पाण्याचं पातेलं दिसलं, म्हटलं तेवढीच मदत. दिलं मोगऱ्यात ओतून!

"अक्का, त्यात हेडलाइट होता!" डॉक्टर ओरडले.

मग माझीच रव्याची चाळणी आणून तिघांनी मोगऱ्याची माती चाळली. हेडलाइट नाहीच मिळाला. मिळाली माझ्या कुड्याची फिरकी! मी त्या कंपाउंडवरून ओणवून बोलते ना, तेव्हा कधीतरी पडली असणार.

डॉक्टरांनी ती ट्रकला लावून बघितली. चपखल! मी म्हटलं, राहू दे.

घरी आमचे हे म्हणाले, "वा! युद्धाला सोनं देणारी तू एकटीच उरली होतीस."

पुढच्या रविवारी काकांनी तिला अर्धा काळा रंग लावायला सांगितला. "लढाईत दिवे असे झाकायचे, अक्का. वरून विमानाला दिसायला नको." गेलं माझं सोनं!

* * *

काकांना काही विचारा, सांगतात. गिअर कुठं अडकायचा, इंजिनवर पाणी कसं तापवायचे, सगळं.

एकदा मी विचारलं, "ट्रकमध्ये तुमच्या शेजारी कोण बसायचं?"

"चहा चांगला झालाय, अक्का," काका म्हणाले.

दुसऱ्या रविवारी पुन्हा विचारलं.

"आज आलं घातलंय काय?"

आलं नव्हतं घातलं.

* * *

ते डावं दार काही ऐकेना. गरम पाण्यात टाकलं की मऊ होतं, काचेखाली दाबलं की सरळ. सकाळी बघावं तर पुन्हा वाकडं! मोहनरावांनी ते किती वेळा उकळलं याचा हिशेब त्यांच्या बायकोपाशी, आमच्या वहिनींपाशी आहे. एकदा इडलीपात्रातसुद्धा टाकलं.

वहिनी म्हणाल्या, "चटणी वाटू का?"

शेवटी बसलं. हँडलसकट, केसाएवढी फट नाही! मोहनराव दार बसवल्यावर मला बोलावून दाखवत होते. एवढं खूश मी त्यांना मुलीच्या लग्नातही बघितलं नव्हतं.

* * *

गेल्या रविवारी ट्रक पुरा झाला. काकांनी तो डोळ्यांजवळ नेला, उजेडाकडे फिरवला, मग डोळे मिटून बोटांनी बघू लागले. बंपर. अर्धा काळा हेडलाइट. स्टिअरिंग. "होय... होय..."

डाव्या बाजूला बोट थांबलं.

"सर, हे दार कशाला?"

"कशाला म्हणजे? खोक्यावरच्या चित्रात आहे!"

"आमच्या गाडीला नव्हतं."

"काका, फॅक्टरीतून दाराशिवाय गाडी येईल का?" डॉक्टर म्हणाले.

"फॅक्टरीतून होतं. त्या सकाळी वरून विमान येऊन गेलं, त्यानंतर नव्हतं. वर्कशॉपवाले दुसरं बसवतो म्हणाले, मी बसवू दिलं नाही."

मोहनरावांनी कापायचं पातं उचललं, बिजागरीत घातलं. टक् करून दार निघालं.

काकांनी त्या रिकाम्या जागेत बोट घातलं, शेजारच्या सीटवर टेकवलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं.

"आता मार्क द्या, सर."

मोहनरावांनी लाल पेन त्यांच्या हातात दिलं. काकांनी वही नाकाला लावून चार खोडला, वाकड्या अक्षरात दहा लिहिले. मग ते नखाएवढं दार रुमालात गुंडाळलं, शर्टाच्या खिशात ठेवलं आणि बन्नूरची बस पकडायला निघाले.

ट्रक टेबलावरच राहिला.