प्लाइसुआनच्या धक्क्यावरची पाटी

दिनांक २९ सप्टेंबर २०२३, इथल्या गणनेप्रमाणे बुद्धसंवत २५६६, शुक्रवार, पौर्णिमा. बँकॉकच्या पश्चिम तीरावर, प्लाइसुआन विहाराच्या होडीधक्क्यासमोर, भर दुपारी, टुकटुक चालवणारा प्रयोंग नावाचा साठीचा गृहस्थ परदेशी पाहुण्यांना खरे सांगत असताना लबाड ठरला. त्याच्याविरुद्ध पुरावा एकच होता, सरकारी पाटीचा. आणि पाटी खोटी होती. ती आजही तिथेच उभी आहे. ही तक्रार वॉर्ड कचेरीत तोंडी सांगून झाली. तिथे ती हसतमुखाने ऐकून घेतली गेली आणि चहाबरोबर गिळली गेली. म्हणून आता ती लिहून ठेवणे भाग आहे.

प्रयोंगला धक्क्यावर सगळे ‘लुंग’ म्हणत. लुंग म्हणजे काका. तो मूळचा रोय-एतचा, ईशान्येकडच्या कोरड्या मुलखातला. तरुणपणी भाताच्या गिरणीत पोती वाहिली, मग भाड्याची टुकटुक चालवली, मग बऱ्याच वर्षांनी स्वतःची घेतली. तिच्या आरशाला तो रोज चमेलीची ताजी माळ बांधी आणि कालची माळ रस्त्यावर न टाकता नदीत सोडी. बायको लामदुआन धक्क्याच्या तोंडाशी केळी तळायला बसे. गिऱ्हाईक नसले की तो तिच्या कढईशेजारी येऊन उकिडवा बसे आणि करपलेली केळी मुकाट्याने खाई. “चांगली विकून झाली की उरलेल्या केळ्यांना हाच नवरा,” असे लामदुआन येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे.

आई वारली त्या वर्षी, इथल्या रीतीप्रमाणे, तिच्या पुण्यासाठी त्याने एक वर्षावास, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने, भिक्खूचे चीवर घेतले होते, तेही याच विहारात. पौर्णिमेला आणि अमावास्येला दुपारी इथे मुख्य मंदिराचे दार लावून घेतात. आत भिक्खू दाटीने बसतात आणि एक जण संघाचे सगळे नियम तोंडपाठ म्हणतो. तेवढा वेळ गृहस्थाने, म्हणजे भिक्खू नसलेल्याने, उंबरा ओलांडायचा नाही. प्रयोंग त्या बंद दाराच्या आत बसलेला होता. पाठ म्हणणाऱ्या वृद्ध थेरांचा आवाज मध्येच कापे आणि मग शेजारचा भिक्खू हलकेच पुढचा शब्द पुरवी. चीवर उतरवल्यावरही त्या दिवसांत, त्या वेळेला, तो मंदिराच्या बाजूने टुकटुक नेताना इंजिन बंद करी आणि गाडी हाताने ढकलत नेई. बाकीचे हसत. तो हसण्यात सामील होई, पण इंजिन सुरू करत नसे.

स्टँडचा म्होरक्या थाविल. त्याला सगळे ‘पी’ म्हणजे दादा म्हणत, आणि तो दादाच होता. नवख्या प्रयोंगला त्यानेच स्टँडवर उभे राहायला जागा दिली होती. त्याचा धंदा निराळा. पाहुणा होडीतून उतरला की तो सांगे, आज मोठी पूजा आहे, मंदिर बंद. चला, मी दुसरे दाखवतो, अगदी स्वस्तात. मग त्या पाहुण्याला शिंप्याच्या आणि जवाहिऱ्याच्या दुकानांतून फिरवून आणी. दुकानदार प्रत्येक फेरीला गाडीच्या गॅसची कुपने देत. प्रयोंगने हे कधी केले नाही. पण ते होत असताना तो दोन हातांवर उभा असे, आणि कधी बोललाही नाही.

एकदा काठी टेकत आलेल्या एका म्हाताऱ्या परदेशी बाईने थाविलकडे दुर्लक्ष करून थेट प्रयोंगलाच विचारले, खरेच बंद आहे का? थाविल तिच्या मागे उभा होता. आपल्याला जागा देणाऱ्याला चारचौघांत खोटे पाडायचे कसे? प्रयोंग नुसता हसला आणि पायांकडे पाहू लागला. बाईने त्या हसण्याला होकार समजून थाविलच्या गाडीत पाय ठेवला. लामदुआनला त्याने हे पुष्कळ वर्षांनी सांगितले आणि सांगताना म्हणाला की, तिची काठी आत घ्यायला मीच हात दिला.

भीड भिकेची बहीण, असे मराठीत म्हणतात. बँकॉकमध्ये ती घरातली थोरली आहे आणि तिला विचारल्याशिवाय कोणी तोंड उघडत नाही.

पुढे तक्रारी वाढल्या. पाहुण्यांसाठी माहितीची पाटी लावावी असे कचेरीने ठरवले, आणि मजकूर लिहायचे काम निवृत्त इंग्रजी शिक्षिका अरुणी यांच्याकडे आले. शिक्षकाला इथे ‘ख्रू’ म्हणतात. शब्द गुरूच आहे, फक्त नदीच्या पाण्यात धुतलेला. ख्रू अरुणींना शाळेत पोचवण्याचे काम वर्षानुवर्षे प्रयोंगचेच होते, आणि निवृत्तीनंतरही त्या त्याच्याच गाडीने जात. त्यामुळे मजकूर टुकटुकच्या मागच्या बाकावरच तयार झाला म्हणायला हरकत नाही. पाहुण्याला काय काय सांगायला हवे, असे त्यांनी विचारले आणि तो आरशात बघत सांगत गेला. खांदे आणि गुडघे झाकावेत. जोडे पायरीवर काढावेत, उंबऱ्यावर पाय देऊ नये. मूर्तीकडे तळवे करून बसू नये. होडीचे पैसे सुटे ठेवावेत, चढताना काठाला नव्हे, खांबाला धरावे. बाईमाणसाने भिक्खूच्या हातात थेट काही देऊ नये, समोर ठेवावे.

“आणि ख्रू, ते पौर्णिमा-अमावास्येचं,” तो म्हणाला. “दुपारी दार लागतं, तीनपर्यंत. ते नक्की घाला. नाहीतर लोक दार ढकलतात.”

ख्रूंनी ते घातले. पहिल्याच ओळीत घातले.

कचेरीच्या बैठकीत मजकूर वाचून दाखवला गेला. समोर बसलेला अधिकारी नोप्पदोन त्यांचाच जुना विद्यार्थी. वर्गात त्याला सगळे ओत, म्हणजे बेडकाचे पिल्लू, म्हणत. त्याच्या शेजारी त्याचे वरिष्ठ बसले होते. ओतने पेन्सिल घेतली, पौर्णिमेची ओळ खोडली आणि हसत म्हणाला, “ख्रू, इतकं कोण वाचतं? पाहुण्याला एकच गोष्ट हवी. ‘मंदिर रोज उघडे असते. बंद आहे असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.’ झालं.”

वरिष्ठांनी मान डोलावली. ख्रूंच्या ओठांवर वाक्य आले होते. पण पोरगा आपला, वरिष्ठ त्याचे. त्यांच्यादेखत त्याचे नाक कापायचे कसे? त्यांनी चहाचा पेला उचलला. नंतर एकट्यात सांगू, असे त्यांनी ठरवले. त्या ‘नंतर’ची वेळ आली तोवर पाटी रंगवून, चार भाषांत, धक्क्यावर रोवली गेली होती. मजकूर ख्रू अरुणींचा, असे सगळीकडे सांगण्यात आले. त्यांनी तेही खोडून काढले नाही.

पाटी लागताच थाविल आपली गाडी घेऊन वरच्या धक्क्यावर गेला, आणि तिथे त्याचे उत्तम चालले आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण ज्याने केली त्याने बहुधा सरकारी पाटी पाहिली असावी. खाली उरला प्रयोंग.

पौर्णिमेच्या त्या दुपारी होडीतून एक तरुण परदेशी जोडपे उतरले आणि सरळ मंदिराकडे निघाले. प्रयोंग गाडीतून उतरून आडवा आला. त्याला येत होते तेवढ्या इंग्रजीत त्याने सांगितले की आता दार बंद आहे, तीननंतर उघडेल, तोवर सावलीत बसा, माझ्या बायकोची केळी खा, पैसे नकोत. त्याने गाडीकडे बोटही दाखवले नाही. पण मुलीने त्याच्या खांद्यावरून मागे पाहिले. मागे पाटी होती. तिने ती वाचली, सोबत्याला कोपराने ढोसले, आणि दोघेही एखादी युक्ती हुकवल्यासारखी हसली. मुलीने फोन वर धरला.

“हा बघ, अगदी पाटीत लिहिलंय तस्साच,” ती फोनला सांगत होती, आणि पावले चालूच होती.

आतून पाठाचा आवाज येत होता. दार ढकलले जाणार हे दिसताच प्रयोंग धावला. परक्या बाईला हात लावायचा नाही, म्हणून तो त्यांना वळसा घालून पुढे झाला आणि मंदिराच्या दाराला पाठ लावून, दोन्ही हात पसरून उभा राहिला. त्याच क्षणी मुलीने फोटो काढला. पसरलेले हात, घामाने भिजलेला सदरा, उघडे तोंड. तो ओरडत नव्हता, धापा टाकत होता. पण फोटोला श्वास ऐकू येत नाही. मुलाने त्याच्या काखेखालून हात घालून दार लोटले. एक फळी उघडली. आतला आवाज थांबला. इतके भिक्खू एकदम मान वळवून बघताना पाहून जोडपे गोंधळले, हात जोडून मागे सरले आणि होडीकडे निघून गेले. फळी आतून पुन्हा लागली आणि पाठ पहिल्या नियमापासून सुरू झाला. प्रयोंग पायरीवर बसून शेवटपर्यंत ऐकत होता. संध्याकाळपर्यंत तो फोटो शहरभर झाला होता. खाली ओळ होती: ‘प्लाइसुआनचा ठग, मंदिरापर्यंत पाठलाग करतो.’

कचेरीने त्याला बोलावले. तक्रारीची शहानिशा रीतसर व्हावी म्हणून, पाटीच्या लेखिका या नात्याने, ख्रू अरुणींनाही बोलावले. तिथे जे घडले ते याच शहरात घडू शकते.

नोप्पदोनने अत्यंत आदराने विचारले, “लुंग, त्या दिवशी तुम्ही पाहुण्यांना दार बंद आहे असं सांगितलंत?”

“सांगितलं.”

“आणि पाटीवर काय लिहिलंय, ते तुम्हाला ठाऊक आहे?”

प्रयोंगला ठाऊक होते. त्याला हेही ठाऊक होते, किंवा त्याला तसे वाटत होते, की ती पाटी ख्रूंनी लिहिली. आपण इतके सांगूनही त्यांच्या हातून ती ओळ राहिली. म्हातारपण आहे, राहते. आता इथे, त्यांच्याच विद्यार्थ्यासमोर, ख्रू चुकल्या असे आपण म्हणायचे? त्याने त्यांच्याकडे पाहिले. ख्रूही त्याच्याकडेच पाहत होत्या. त्या थांबल्या होत्या. आता हा सांगेल, पौर्णिमा होती म्हणून. एकदा याने सांगितले की मला दुजोरा देता येईल, ओतला आपण होऊन खोटे पाडल्यासारखे होणार नाही. त्या त्याच्या शब्दाची वाट पाहत राहिल्या आणि त्याने तर तो शब्द त्यांच्यासाठीच गिळला होता.

तो हसला, तसाच, पायांकडे पाहत. “माझीच चूक झाली, साहेब,” तो म्हणाला. “वय झालं. तिथी-वार लक्षात राहत नाही.”

पौर्णिमेला इंजिन बंद करून गाडी ढकलणारा माणूस हे बोलला. खोलीत कोणालाही त्यात काही खटकले नाही; जिला खटकले तिने पेल्यातला चहा संपवला. स्टँडवरची त्याची जागा काढून घेण्यात आली.

चार दिवसांनी ख्रू धक्क्यावर गेल्या. प्रयोंग नव्हता. लामदुआन केळी उलटत होती; तिने वर पाहिले नाही.

“गाडी विकून रोय-एतला गेलेत,” ती म्हणाली. “भावाच्या शेतावर. मी ही कढई आवरली की जाईन.”

ख्रू म्हणाल्या, तो कचेरीत बोलला का नाही? एक वाक्य बोलायचं होतं.

“कुणाबद्दल बोलायचं होतं, ख्रू? तुमच्याबद्दल?” लामदुआनने झारा कढईच्या काठावर ठेवला. “तुम्ही पाटी लिहिलीत ना? मला म्हणाले, ख्रूंची एक ओळ चुकली म्हणून मी त्यांना चारचौघांत उघडं पाडू? माझ्या गाडीत बसून पोरं घडवलीत त्यांनी.”

“ती ओळ मी लिहिली होती, लामदुआन. कचेरीनं खोडली.”

लामदुआनने झारा पुन्हा उचलून कढईतली केळी बाहेर काढली. तेल तडतडत होते. मग म्हणाली, “मग त्यांना हे माहीत असतं, तर ते बोलले असते.” आणि, आवाज न चढवता, “आणि तुम्हाला तर माहीत होतं.”

तिने कागदात केळी बांधून ख्रूंच्या हातात दिली. पैसे घेतले नाहीत. ख्रूंनी ती घरी नेली आणि त्यांना ती खाववली नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्या कचेरीत गेल्या आणि जे बैठकीत बोलायचे होते ते सगळे नोप्पदोनला एकट्याला सांगितले. त्याने उभे राहून हात जोडले, डोळे भरून आणले आणि म्हणाला, “ख्रू, तेव्हाच एक शब्द बोलला असतात तर मी स्वतः बदललं असतं. आता या वर्षीची तरतूद संपली.” हे खरे असू शकते. तेच अधिक वाईट आहे. त्यांनी रोय-एतला फोन लावला. पलीकडून प्रयोंग म्हणाला की भात छान आहे, पाऊस झाला, ख्रूंनी जपून राहावे. आणि पाटीचे नाव त्याने काढले नाही. ख्रूंनीही काढले नाही. एवढे झाल्यावरही नाही.

आता तुमच्याकडे. तुमच्यापैकी कोणी त्या शहरात जाणार असेल तर खांदे झाकाल, जोडे काढाल, हे कुठेही वाचायला मिळेल. मागणे एवढेच आहे. पौर्णिमेला किंवा अमावास्येला दुपारी प्लाइसुआनच्या दारापाशी कोणी हात पसरून उभा दिसला, तर फोन खाली ठेवा आणि दाराला कान लावा. तो जुना फोटो तुमच्याकडे असेल तर पुसून टाका. आणि पाटीवर खोडलेली ओळ परत घालावी, असे वॉर्ड कचेरीला लिहा; एकट्यात नव्हे, उघड, नाव घालून.