डावीकडचं मागचं चाक

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. मित्राचे वडील गेले त्या दिवशी माझी गाडी ठणठणीत होती. आदल्याच दिवशी मी ती स्वतःच्या हातांनी दुरुस्त केली होती. तरी मी त्याला फोनवर म्हणालो, "गाडीच्या मागून फार आवाज येतोय रे, मोटारवेवर काढायची भीती वाटते." आणि त्यानं ते खरं मानलं.

२०२० चा वसंत होता. मी ॲथलोनला, वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात. तो मेनूथला, तासाभराच्या रस्त्यावर. या परक्या देशात आम्ही एकाच वर्षी आलो, पहिलं वर्ष सँट्रीच्या एका फ्लॅटमध्ये एकत्र काढलं. मी पुण्याचा, तो नागपूरचा. माझं शुद्ध बोलणं ऐकलं की तो म्हणायचा, "बातम्या देऊन झाल्या असतील तर चहा टाक बे." त्या वसंतात तो घरात एकटाच होता. बायको आणि मुलगी लग्नासाठी नागपूरला गेल्या आणि विमानं बंद झाल्यावर तिकडेच अडकल्या.

गाडीचा आवाज खरा होता, हे आधी सांगतो. जुनी, मागच्या चाकांवर चालणारी गाडी. साठच्या पुढे गेलं की मागून एकसुरी घरघर सुरू व्हायची, लांबून विमान जावं तशी. आधी मी टायरांवर संशय घेतला, पण खडबडीत रस्ता संपून गुळगुळीत लागला तरी सूर तोच. मग वाटलं डिफरन्शियल गेला, म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मधला तो गिअरचा डबा. तो असता तर ॲक्सिलरेटर दाबला-सोडला की आवाज बदलला असता. हा बदलायचा फक्त वळणावर. उजवीकडे वळलं, गाडीचा भार डाव्या अंगावर गेला, की वाढायचा. एका रविवारी बायकोला चालवायला बसवलं आणि मी मागच्या सीटवर आडवा होऊन, फोन खाली धरून आवाज रेकॉर्ड केला. "लोक बघतील," ती म्हणाली. "बघू देत," मी म्हणालो. रस्त्यावर लोक होतेच कुठे तेव्हा.

घरासमोर जॅक लावून चाक उचललं. एका हातानं चाक फिरवलं, दुसरा तळहात स्प्रिंगवर ठेवला. स्प्रिंगमधून बारीक कचकच हाताला लागली, घासाखाली खडा यावा तशी. डावीकडचं मागचं बेअरिंग. इथल्या दमट हवेत सगळे बोल्ट गंजून जाम झालेले. तेल मारलं, हातोडी मारली, शिव्या दिल्या. शेवटी जुनं निघालं आणि नवं बसलं. त्याच संध्याकाळी कामावर जाताना गाडी इतकी गप्प झाली होती की कप्प्यातली चिल्लर ऐकू येत होती. मला फार आनंद झाला होता. त्या दिवसांत आनंद व्हायला एवढंही पुरायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला.

"बाबा गेले बे."

मी काहीतरी म्हणालो. काय ते आठवत नाही.

"घाटावर चुलतभावानं व्हिडिओ कॉल लावून धरला होता. सगळं दिसलं. मग त्याची बॅटरी संपली." मग म्हणाला, "आता घरात फारच शांत आहे रे."

ये, असं तो म्हणाला नाही. आपल्याकडे ते कुणी म्हणत नाही. जायचं असतं. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, बाहेरून पिठलं-भात न्यायचा असतो, शेजारी बसायचं असतं. माझा फोन चालू असतानाच बायकोनं बेसन कालवायला घेतलं होतं.

जाता आलं असतं. प्रवासावर मर्यादा होती, पण माझ्याकडे कारखान्याचं पत्र होतं आणि गार्डांनी, म्हणजे इथल्या पोलिसांनी, मला एकदाही परत पाठवलं नव्हतं. रोगाची भीती म्हणावी, तर त्याच्या मागच्या अंगणात लांब-लांब खुर्च्या टाकून बसता आलं असतं. खरी गोष्ट अशी की मला त्याच्यासमोर बसायचं नव्हतं. माझे वडील गेले तेव्हा मी वेळेत पोचलो होतो, सगळे विधी केले, आणि माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. ते तसंच आत कुठेतरी जाम होऊन बसलं होतं. हा समोर रडला तर माझंही सुटेल, या भीतीनं मी त्याला एकटं ठेवलं. याहून मोठं कारण माझ्याकडे नाही.

म्हणून आवाजाचं सांगितलं. वाटलं, तो 'बरं' म्हणेल आणि फोन ठेवेल.

"कसा आवाज?" त्यानं विचारलं. "रेकॉर्ड केला असेल तर पाठव ना."

मी पाठवला. रविवारचा. जरा वेळानं त्याचा फोन.

"तीनदा ऐकला. ॲक्सिलरेटर सोडल्यावर बदलतो का?"

"नाही."

"मग डिफरन्शियल नाही. उजवीकडे वळताना वाढतो?"

"वाढतो."

"डावीकडचं मागचं बेअरिंग. शंभर टक्के." त्याच्या आवाजात किंचित जीव आला होता. "बाबा स्क्रू-ड्रायव्हर लावायचे कानाला. स्कूटर बघायची झाली की मला म्हणायचे, तू ऐक आधी, मग मी ऐकतो. माझं चुकलं तरी लगेच चुकलं म्हणायचे नाहीत. म्हणायचे, पुन्हा ऐक."

तो बराच वेळ वडिलांबद्दल बोलला. मी हूं हूं करत राहिलो. गाडीबद्दलची माझी सगळी उत्तरं खरी होती. फक्त शिळी होती.

"तू येऊ नको," शेवटी तो म्हणाला. "असं चाक घेऊन मोटारवेवर निघायचं नाही. माझी शप्पथ आहे तुला. एक झालं आज, पुरे."

बायको डबा भरून चपला घालत होती. मी म्हणालो, "तोच म्हणतोय, येऊ नका." हेही खरंच होतं. तिनं हातातल्या डब्याकडे पाहिलं. "मग खाणार काय तो?" ते पिठलं आम्हीच खाल्लं.

पुढे मी मनाची समजूत घालायचो की गाडीच्या निमित्तानं तो बोलला तरी. पण बोलला तो रिकाम्या घरात, फोनशी, आणि मी घाबरलो होतो म्हणून. त्यानंतर तो दर फोनला विचारायचा, "बेअरिंग बदललं का?" आणि मी म्हणायचो, पार्ट मिळत नाहीये. एकदा 'हो' म्हटलं असतं तर संपलं असतं. पण 'हो' म्हटलं की 'कधी बदललं?' हा प्रश्न येणार, याची धास्ती.

उन्हाळ्यात बंधनं उठली आणि तो आमच्या दारात उभा. वाळला होता. हातात नव्या बेअरिंगचा खोका.

"तुला मिळत नाही म्हणून मीच मागवलं. चल, चढव गाडी जॅकवर."

बायको आत चहा टाकत होती. मी गाडी चढवली. त्यानं चाक फिरवलं, तळहात स्प्रिंगवर ठेवला, मग स्क्रू-ड्रायव्हर टेकवून कान लावला. पुन्हा फिरवलं. पुन्हा ऐकलं. मग खाली वाकून बोल्ट पाहिले. बाकी सगळं गंजलेलं, आणि ते तेवढे स्वच्छ.

"हे तर बदललेलं आहे."

"हो. मीच."

कधी, असं त्यानं विचारलं नाही. हात पुसत म्हणाला, "चांगलं बसवलंस." मग, माझ्याकडे न बघता, "तेव्हा मात्र आवाज फार होता, नाही?"

मी म्हणालो, "हो. फार."

फोनवरचं खोटं एका अर्थी घाबरटपणाचं होतं. हे मात्र त्याच्या तोंडावर, त्यानं कबुलीसाठी दार उघडं ठेवलेलं असताना बोललेलं. त्याला कळलं का, हे मला आजही माहीत नाही. चहा पिताना बायकोनं विचारलं, "तेव्हा जेवणाचं काय केलंत हो भावजी?"

"ब्रेड होता की," तो हसून म्हणाला. मग इथले लोक सगळं ठीक आहे म्हणायला म्हणतात तसं, "ग्रँड."

जाताना खोका ठेवून गेला. "राहू दे. उजवीकडचंही जाईलच कधीतरी."

२०२१ च्या शरदात ते गेलं. तीच घरघर, आता डावीकडे वळताना. त्याचा खोका शेडमधल्या फळीवर आहे. दोन्ही चाकांना तेच बेअरिंग चालतं. मी तो काढून हातात घेतो आणि परत ठेवतो. त्याची बायको-मुलगी कधीच परत आल्यात, तो फोन करतो, हसतो, मला बातम्या देणारा म्हणतो. गाडीचं विचारत नाही.

त्या दिवशी मी त्याच्याजवळ बसायला हवं होतं. ते आता देता येणार नाही. पण त्या दिवशी माझी गाडी चांगली होती, हे एक वाक्य मी त्याचं देणं लागतो. ते मी अजून दिलेलं नाही.