खोड नसेल ती जादू बाद

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. माळ्यावरच्या रिकाम्या डब्यांसारखे ते आपोआप साठतात. कोणी वापरत नाही, कोणी टाकतही नाही, आणि एखादा ओढायला जावं तर सगळे धडाधड खाली येतात. आमच्या जुन्या मंडळींपैकी दोघं जरी एखाद्या लग्नात भेटली, तरी तिसऱ्या वाक्याला फासे निघतात. मग वाढपी जिलबी घेऊन दोनदा येऊन जातो आणि आमचं लक्ष नसतं.

ही गोष्ट सांगलीची, विश्रामबागेतली. आणीबाणी उठून वर्ष झालं असेल-नसेल. वसंता कॉलेजात गणित शिकवायचा, म्हणून तो ‘मास्तर’. पम्या साताऱ्याच्या कापडदुकानदाराचा मुलगा, सांगलीत मावशीकडे राहून वकिली शिकत होता. बजरंग, म्हणजे बजा, दहिवडीकडचा, माण तालुक्यातल्या दुष्काळी मुलखातला. बी.एस्सी. होऊन नोकरीची वाट बघत होता, आणि वाट बघताना तालमीत जात होता. मी सरकारी कचेरीत कारकून. दर रविवारी दुपारी वसंताच्या भाड्याच्या खोलीत आम्ही राक्षस मारायचो.

खेळ अमेरिकेतला. वसंताच्या थोरल्या भावानं पाठवलेला. एक जण, आमच्यात तो वसंता, गोष्ट सांगणार, ‘तुम्ही गुहेच्या तोंडाशी उभे आहात, आतून धूर येतोय.’ बाकीच्यांनी एकेक सोंग घ्यायचं, कोणी योद्धा, कोणी चोर, कोणी मांत्रिक, आणि आपण काय करणार ते बोलून सांगायचं. ते जमलं की फसलं हे फाशांनी ठरवायचं. पट नाही, सोंगट्या नाहीत, सगळा कारभार तोंडाचा. साहजिकच आम्हाला तो लगेच जमला.

* * *

ते फासे म्हणजे एक प्रकरणच होतं. चार बाजूंचा, आठ बाजूंचा, बारा बाजूंचा, आणि सगळ्यांचा राजा वीस बाजूंचा. लाल, पिवळे, हिरवे. अमेरिकेहून आलेल्या एका नातलगानं ते वाईला वसंताच्या आईच्या हातात दिले.

माउलीला वाटलं, लेकानं ग्रहशांतीसाठी रत्नं पाठवली. तिनं ती देव्हाऱ्यात मांडली, दुधानं न्हाऊ घातली आणि हळदकुंकू वाहिलं. वसंता सुट्टीत घरी गेला तर आईनं विचारलं, “यातला शनीचा कुठला रे?”

वसंता पडला गणिताचा माणूस. त्याला खोटं बोलायला वेळ लागतो. तो म्हणाला, “आई, हे राक्षस मारायचे फासे आहेत.”

आई म्हणाली, “मग देव्हाऱ्यात होते तेच बरं झालं!”

एक फायदा मात्र झाला. अमेरिकेतल्या त्या कारखान्यानं फाशांवर आकडे नुसते कोरले होते, त्यात रंग भरायचं काम गिऱ्हाइकावर सोडलं होतं. आईच्या कुंकवानं ते भरले आणि आम्हाला वाचता येऊ लागले.

* * *

घरमालक सुभेदार. लष्करात सगळी नोकरी स्टोअरला, जवानांना सामान ‘इश्यू’ करण्यात काढलेली. आणीबाणी देशातून उठली होती, पण सुभेदारांच्या मनातून उठली नव्हती. चार तरुण दार लोटून घेतात, ‘उडवून टाकू’, ‘मागच्या वाटेनं घुसू’ असं काहीतरी बोलतात! एका रविवारी ते दार ढकलून आतच आले.

“काय चाललंय?”

“खेळ आहे, काका,” वसंता म्हणाला.

“जिंकतं कोण?”

“तसं कोणी जिंकत नाही.”

“मग हारतं कोण?”

“हरतही नाही कोणी.”

“संपतो कवा?”

“संपत नाही काका, पुढच्या रविवारी तिथूनच पुढं चालू.”

सुभेदारांचा चेहरा निवळला. “आसं व्हय! म्हंजे मीटिंग हाय. मग बसा की निवांत!”

पुढं पुढं ते स्वतःच खुर्ची घेऊन दारात बसू लागले. खेळायचे नाहीत, पण आमच्या चुका काढायचे. अंधाऱ्या गुहेत आम्ही मशालवाल्याला पुढं धाडलं की त्यांचा जीव खालीवर व्हायचा. “आरं, दिवा घेतलेला माणूस पुढं? दुश्मनाला पत्ता सांगताय का?”

* * *

बजाचा योद्धा म्हणजे बजाच. पहिल्याच लढाईत समोर दोन पुरुष उंचीचा राक्षस आला. आम्ही तलवारी काढल्या. बजानं लंगोट कसला. म्हणजे तोंडानं, पण आम्हाला तो दिसला.

“मास्तर, खाली माती कसली हाय?”

“दगड आहे.”

“मग आधी लाल माती पसरतो. आन त्येला म्हनावं हात मिळव. सलामीबिगर कुस्ती न्हाई.”

वसंतानं खेळाबरोबर आलेलं नियमांचं पुस्तक चाळलं. राक्षसाला सलामी माहीत आहे की नाही, याबद्दल अमेरिकन लोकांनी काही लिहिलेलं नव्हतं. शेवटी फासा टाकला, राक्षसानं हात मिळवला, आणि पुढं अर्धा तास आम्ही दोघं तलवारी धरून नुसते उभे! बजानं त्याला चितपट केलं. पम्या ओरडला, “आता मुंडकं उडव!”

बजा खरंच रागावला. “पडल्याला मारत्यात व्हय रं? त्येला नारळ द्या, फेटा बांधा.”

आम्ही फेटा बांधला. तो राक्षस त्यानंतर आमच्याच बाजूनं लढला, आणि खरं सांगायचं तर आमच्यापेक्षा बरा लढला.

* * *

स्पर्धा निघाली ती वसंता वैतागला म्हणून. गुहेत काही सापडलं की आमची एकच मागणी, तलवार. मोठी तलवार, पेटती तलवार. एके दिवशी तो म्हणाला, “आता जादूच्या वस्तू तुम्हीच घडवून आणा. वाटेल तेवढ्या. पण प्रत्येक वस्तूत तीन गोष्टी हव्यात. गुण काय, मर्यादा काय आणि खोड काय. खोड नसेल ती जादू बाद. ज्याची वस्तू सरस, त्याला हे फासे.”

फासे! सबंध जिल्ह्यात तसले दुसरे नव्हते. ज्याच्याकडे फासे त्याच्याकडे खेळ. पम्याला ते साताऱ्याला न्यायचे होते, परीक्षा झाली की दुकानावर बसायचं होतं आणि तिथं त्याची मित्रमंडळी तयारच होती.

पुढच्या रविवारी बजा उशिरा आला. चुलत्यानं मुंबईत गिरणीत चिकटवायचं ठरवलं होतं. नेहमी सगळ्यांच्या वरताण बोलणारा तो गडी त्या दिवशी खाली बघून बोलला. “खोलीत समदी गावचीच पोरं. पाळी सुटली का पत्ते कुटायचे, न्हाईतर भिताडाकडं बगायचं. फासं असलं तर मांडतो की खेळ तिथं. न्हाईतर मी मातूर वाळून जाईन रं गड्या.”

वसंतानं फासे बजाला देऊन बक्षीस बदलायचं म्हटलं. बजानंच नाही म्हणून सांगितलं. तालमीतल्या माणसाला सोडलेली कुस्ती नको असते. मला फार वाईट वाटलं. पण म्हणून मी स्पर्धेतून नाव काढून घेतलं का? छे! फासे मलाही हवेच होते.

* * *

पम्याची पहिली वस्तू, अदृश्य करणारी शाल. त्यानं तिचं रीतसर वर्णन केलं होतं. पन्हा किती, लांबी किती, धुलाईत आकसेल काय. खोड अशी, की अंगावरून काढून ठेवली तर शालच सापडत नाही.

इतका खूश झाला की साताऱ्याला जाऊन वडिलांना सांगून आला. वडिलांनी गादीवर बसून शांतपणे सगळं ऐकून घेतलं. लोड सरकवला. म्हणाले, “पम्या, गिऱ्हाइकाला दाखवायचं काय?”

पुढच्या रविवारी पम्यानं शाल मागं घेतली.

* * *

माझी वस्तू, शिक्का. ज्या दारावर उठवाल ते उघडेल, ज्या प्राण्यावर उठवाल तो बाजूला होईल. कचेरीत रोज हेच चालतं, त्यामुळे मला कल्पना लढवावी लागली नाही. मर्यादा, दिवसाला एकदाच. खोड, साहेबांची सही असल्याशिवाय लागू नाही.

वसंता म्हणाला, आधी खेळात वापरून दाखव. समोर ज्वाळा ओकणारा प्राणी, मागं दरी. बजाचा योद्धा जखमी, पम्याचा चोर पळालेला. मी सही घेतलेला कागद आधीच खिशात ठेवला होता. पुढं झालो आणि त्या प्राण्याच्या कपाळावर खाडकन शिक्का मारला.

वसंतानं फासा टाकला. एक पडला, म्हणजे सगळ्यात वाईट.

“काय झालं?” मी विचारलं.

“पॅडची शाई वाळलीय.”

दारातून सुभेदार म्हणाले, “ही मातूर खरी जादू हाय. अगदी आमच्या स्टोअरवानी!”

* * *

निकाल कोण देणार? वसंता सगळ्यांचा मित्र, तो घाबरला. मग सुभेदारांनाच पंच केलं. आम्हाला वाटलं म्हातारा गंमत म्हणून बसेल. पण निकालाच्या रविवारी सुभेदार इस्त्रीचा शर्ट घालून, मिशा पिळून आले आणि लष्करात कीट तपासतात तशा जादूच्या वस्तू तपासू लागले.

वसंतानं नमुन्यादाखल स्वतःचा उडता गालिचा सांगितला. सुभेदारांनी विचारलं, “भोक पडलं तर रफू करनारा वर चढतो, का गालिचा खाली येतो?” वसंता मनातल्या मनात हिशेब मांडू लागला. “कंडम.”

पम्यानं आता तलवारच आणली होती. आपोआप लढणारी. हात लावायची गरज नाही, म्यानातून आपली आपण निघते.

“हुकूम कुनाचा मानती?”

“कोणाचाच नाही. तीच तिची खोड.”

“लढून आल्यावर साफसफाई कोन करनार?”

“आपणच करायची.”

“आन आपन बोलावलं आन तिला यायचं नसलं तर?”

“मग नाही येणार.”

“मग हे हत्यार न्हवं बाबा,” सुभेदार म्हणाले, “हा जावई हाय! कंडम.”

पम्या वकिली शिकत होता, त्यानं अपील केलं. सुभेदारांनी ते ऐकलं आणि अपीलही कंडम केलं. माझ्या शिक्क्याचं त्यांनी कौतुक केलं, पण जे आधीपासून सरकारकडे आहे त्याला बक्षीस देता येत नाही असा निकाल दिला.

* * *

राहिला बजा. दुसऱ्या दिवशीच त्याला मुंबईला निघायचं होतं, वळकटी बांधून झाली होती. आम्हाला वाटलं, आता हा गदा काढणार, नाहीतर मारुतीचा लंगोट. तो उभा राहिला. कधी नव्हे ते त्याचे हात कुठं ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं.

“घागर,” तो म्हणाला.

“कसली?” सुभेदारांनी विचारलं.

“तांब्याची. पोचे आल्याली. गुन आसा, का तिच्यातलं पानी आटत न्हाई. किती बी काडा, गुरांना पाजा, रानाला द्या. भरल्यालीच.”

“मर्यादा?”

“एका घराला एकच.”

“आन खोड?”

बजा सदऱ्याचं बटण चाचपू लागला. पम्या तेवढ्यात उसळला. “खोड नाहीच त्यात! सगळा फायदाच आहे. नियमाप्रमाणे बाद!”

“खोड हाय,” बजा म्हणाला.

“मग सांग की!”

“लय मोठी हाय. ती घागर आमच्या घरात आसती, तर मी गाव सोडून शिकायला तरी कशाला आलो आसतो? तुमची कुनाचीच गाठ पडली नसती मला.”

पम्या खाली बसला. वसंता खिडकीकडे वळून उगाच पडदा नीट करत बसला. मी तहान नसताना पाणी प्यायलो.

सुभेदारांनी चष्मा काढला. बराच वेळ तो धोतराच्या सोग्यानं पुसला, परत लावला.

“खोड मान्य,” ते म्हणाले. “वस्तू पास. मास्तर, फासं त्येला द्या.”

पम्यानंच ते उचलले, स्वतःच्या रुमालात बांधले आणि बजाच्या हातात दिले. आम्ही उठलो. सुभेदार मात्र उठले नाहीत. बजा पाया पडायला वाकला, तसा त्यांनी त्याचा दंड धरला आणि आम्हाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं, पण आम्हाला ऐकू गेलंच, विचारलं,

“बजा, आशी आनकी एक इश्यू व्हईल का रं? आमच्या धाकट्या भनीला तुमच्या मान तालुक्यातच दिलीया.”