व्याही माझ्या हाताखाली

मुलीच्या सासऱ्यांना माझ्या खात्यात लावायची कल्पना मुलीचीच. ते ज्या लूमवर आयुष्यभर होते तो कारखाना मालकाने विकला, यंत्रं भंगारात गेली आणि ते घरी बसले. मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, त्यांना असं दिवसभर बसलेलं बघवत नाही हो. तुमच्याकडे काही होतंय का बघा ना." मी सुरतेतल्या एका प्रोसेस हाऊसमध्ये, म्हणजे कापड रंगवून-छापून देणाऱ्या कारखान्यात, चेकिंग खात्याचा इन्चार्ज आहे. छापून आलेले कापडाचे ताके टेबलावर ओढत बघायचे आणि डाग, भोक, सरकलेली छपाई दिसली की तिथे खूण करायची, हे आमचं काम. कापडात आयुष्य काढलेल्या माणसाला ते जमण्यासारखं होतं. मी शेठकडे शब्द टाकला आणि व्याही कामाला लागले.

मुलीच्या बापाने व्याह्यांपुढे जरा वाकून असायचं, हे आमच्या खानदेशात कोणाला शिकवावं लागत नाही. ते पहिल्या दिवशी खात्यात आले, तसा मी खुर्चीवरून उठलो, पुढे झालो आणि हात जोडले. सगळ्या टेबलांवरचे हात थांबले. मग कोपऱ्यातला एक गुजराती चेकर मोठ्याने म्हणाला, "लो, हवे वेवाईना टेबल पर बधुं पास!" आता व्याह्यांच्या टेबलावरचं सगळं पास होणार, असा त्याचा टोमणा. सगळे हसले. व्याहीसुद्धा हसले. मला मात्र ते लागलं. माझ्या आकड्यांत कोणाची बाजू नसते, असं खात्यात माझ्याबद्दल बोललं जायचं, आणि मला ते बोलणं आवडायचं. दुसऱ्या दिवसापासून ते आले तरी मी उठलो नाही. त्यांना 'पाव्हणं' म्हणायचंही सोडलं. इतरांसारखं नावापुढे 'भाई' लावून हाक मारायला लागलो. त्यांनीही काही न बोलता मला 'साहेब' म्हणायला सुरुवात केली.

त्याच सुमारास शेठच्या मुलाने आम्हा सगळ्या इन्चार्ज लोकांना एका हॉटेलच्या हॉलमध्ये ट्रेनिंगला पाठवलं. माणसं कशी सांभाळायची, हा विषय. शिकवणारा चांगला होता. समोरच्याचं पूर्ण ऐकून घ्या, माणसावर नाही तर कामावर बोला, रोज सकाळी पाच मिनिटं सगळ्यांना गोल उभं करून बोला, कौतुक चारचौघांत करा आणि चूक एकट्याला बाजूला घेऊन सांगा. मला हे पटलं. मी खरंच ठरवलं, की आता नीट माणूस व्हायचं. त्याआधी मी जागेवरूनच ओरडायचो.

मी सकाळची उभी मीटिंग सुरू केली. ज्याच्या टेबलावरून गेलेला माल व्यापाऱ्याकडून परत यायचा, त्याला मशीनच्या आवाजापासून लांब नेऊन शांतपणे विचारायला लागलो. एका चेकरच्या घरी आजारपण होतं, ते मला अशा बोलण्यातच कळलं. त्याची पाळी बदलून दिली. खात्यातली कुरबूर कमी झाली. टोमणा मारणारा तो चेकरसुद्धा एकदा म्हणाला, "साहेब, ट्रेनिंगवाल्याने तुमचा पार्ट बदलला काय?"

एका माणसाशी मात्र मी असं वागलो नाही.

व्याह्यांना बाजूला घेतलं, तर लोक म्हणणार की आत घरच्या गोष्टी चालल्यात. मिटवामिटवी चाललीय. म्हणून त्यांची चूक मी गोलात सांगायचो. सगळ्यांसमोर, त्यांच्याकडे बघून, आवाज न चढवता, शिकवल्याप्रमाणे फक्त कामावर बोलत.

"या आठवड्यात परत आलेल्यात तुमच्या टेबलाचे ताके जास्त आहेत. कारण सांगा."

"बघतो साहेब."

"बघतो नको. आकडा खाली आला पाहिजे."

ते मान हलवायचे. इतर जण पायाकडे बघत राहायचे. आधी कोणीतरी हसायचं, नंतर नंतर कोणी हसेना. ते न हसणं मी माझ्या बाजूने धरलं. लोकांना पटलंय, असं समजलो. शेठच्या मुलाने एकदा मागे उभं राहून ती मीटिंग ऐकली आणि इतर खात्यांच्या लोकांना सांगितलं, "बघा, स्वतःच्या वेवाईलाही सोडत नाही. याला म्हणतात लीडर." त्या दिवशी मी घरी येताना जिलेबी घेतली होती. बायकोने कारण विचारलं, तर म्हणालो, सहज.

व्याह्यांचे ताके खरंच जास्त परत यायचे का? कधी यायचे. कधी दुसऱ्या दोघा-तिघांचे त्यांच्याइतकेच असायचे, पण त्या दोघा-तिघांना मी दुपारी एकेकटं गाठायचो. आकडे खरे होते. कोणाचा आकडा मोठ्याने वाचायचा, ते मात्र मी ठरवत होतो.

मुलीला सातवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी. बायकोने पुढची खोली रिकामी केली, कोसाडच्या आमच्या दोन खोल्यांत पलंग कुठे टाकायचा यावरून माझ्याशी दोनदा भांडली, डिंक आणि खारीक आणली. सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं लिंबायतला व्याह्यांच्या घरी गेलो. मुलीला न्यायचं रीतसर विचारायचं आणि दिवस ठरवायचा, एवढंच.

विहीणबाई दारातच उभ्या होत्या.

"या इन्चार्जसाहेब! बसा, बसा. आमच्या घरात उभ्याने बोलायची पद्धत नाही."

बायको हसली. तिला वाटलं, थट्टा आहे. मी बसलो.

"पाणी आण गं," विहीणबाई आत बघून म्हणाल्या. मग माझ्या बायकोकडे वळल्या. "ताई, तुम्हाला माहीत असेलच. आमच्या माणसाला रोज सकाळी सगळ्यांच्या मधोमध उभं करतात. या गल्लीतली तीन पोरं तिथे कामाला आहेत. नळावर बाया मला सांगतात, आज तुमच्या व्याह्याने काय काय सुनावलं ते. एवढं काय घोडं मारलं हो आम्ही?"

"राहू दे ना," व्याही खाटेवरून म्हणाले. "कामाचं काम तिथं. पोर त्यांची आहे. घेऊन जाऊ दे."

बायको माझ्याकडे बघत होती. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी बोलायला तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते थेट हॉटेलच्या हॉलमधलं: "तुमच्या भावना मी समजू शकतो. पण हे व्यक्तीबद्दल नाही, कामाबद्दल होतं."

"असं काय?" विहीणबाई म्हणाल्या. "मग व्यक्ती घरी आल्यावर जेवत का नाही?"

मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन आली होती. तिने तो खाली ठेवला आणि भिंतीला टेकून उभी राहिली. पोट चांगलंच दिसायला लागलं होतं. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, मी इथेच राहते. आईला इकडे यायला सांगते."

"अगं, पण पहिलं बाळंतपण..."

"मी आत्ता तुमच्यासोबत निघाले ना, तर ही गल्ली म्हणेल, बापाने सासऱ्याची इज्जत काढली आणि वर पोरगी उचलून नेली. मला इथे राहायचंय बाबा. पुढे इथेच राहायचंय."

व्याही तिला म्हणाले, "जा पोरी, माझ्यासाठी नको." ते मनापासून म्हणाले. ती नाही म्हणाली. नोकरी तिने मागितली होती आणि त्या नोकरीचा भार तिच्यावर पडला होता. मी तो कधी मोजलाच नव्हता.

आम्ही रिक्षाने निघालो. बायको म्हणाली, "मला का नाही सांगितलं?"

"कामाच्या गोष्टी मी घरी आणत नाही, तुला माहितीये."

"मग बाकीच्यांना बाजूला घेऊन सांगत होतात आणि त्यांनाच सगळ्यांत का? ते व्याही आहेत म्हणूनच ना? घरचं तर तुम्हीच तिथे नेलंत."

तिचं म्हणणं कुठून तपासलं तरी बरोबर येत होतं. मी सगळ्यांना एकसारखं वागवतो, हे दाखवण्यासाठी मी एका माणसाला वेगळं काढलं होतं. मी निष्पक्ष आहे हे लोकांना दिसावं म्हणून मला कोणीतरी लागत होतं, आणि जो उलट बोलणार नाही असा एकच माणूस माझ्याजवळ होता.

पहिल्यांदा वाटलं, उद्या गोलातच माफी मागावी. मग लक्षात आलं, तेही मलाच शोभून दिसेल. शेठचा मुलगा पुन्हा मागे उभा राहील आणि पुन्हा माझंच उदाहरण देईल. म्हणून मी व्याह्यांना केबिनमध्ये बोलावलं. दार लोटलं, खुर्ची पुढे केली. ते बसले नाहीत.

"साहेब, आत नका बोलावू," ते हळू आवाजात म्हणाले. "बाहेर सगळे बघतात. म्हणतील, वेवाईची सेटिंग झाली. इतके दिवस ऐकून घेतलं, ते मग फुकट जाईल माझं."

"माझं चुकलं," मी म्हणालो.

"ताका अर्धा सोडून आलोय," ते म्हणाले, आणि दार उघडून गेले.

बाळंतपणासाठी बायको लिंबायतला जाऊन राहिली. मी सकाळी स्वतः चहा करून घ्यायचो. रिकाम्या केलेल्या खोलीत पलंग तसाच होता. सकाळच्या गोलात मी आता फक्त मालाचं बोलतो, चूक कोणाचीच काढत नाही. त्या कामाला मी टेबलापाशी जातो, आणि सगळ्यांकडे जातो, व्याह्यांकडेही. त्यांच्या टेबलाशी पोचल्यावर माझा आवाज आपोआप बदलतो. तो ना इन्चार्जचा राहतो, ना पाव्हण्याचा. ते ताक्यावरची नजर काढत नाहीत.

मुलीला मुलगी झाली. पहाटे बायकोचा फोन आला. बाळंतपण माहेरी झालं असतं तर हा निरोप मी व्याह्यांकडे पोचवला असता; आता तो मला त्यांच्या घरातून मिळत होता. मी दवाखान्यात जाऊन आलो, बाळ पाहिलं, मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला. ती म्हणाली, "बाबा, खाऊन जा काहीतरी." एवढंच. व्याही तिथे नव्हते. रजा न घेता ते कामावर गेले होते.

मी पोचलो तेव्हा ते खात्यात पेढे वाटत होते. टेबलामागून टेबल, प्रत्येकाच्या हातावर एक. मी माझ्या जागी उभा राहिलो. कोपऱ्यातला तो गुजराती चेकर म्हणाला, "पहेला नानाने आपो ने!" आधी आजोबांना द्या. व्याही म्हणाले, "येतोय ना रांगेने." आणि रांगेनेच आले. माझ्याआधी दोन चेकर आणि एक गठ्ठे बांधणारा होता. माझ्या हातावर त्यांनी तसाच एक पेढा ठेवला.

"घ्या साहेब. नात झाली."

यात रागही नव्हता. सगळ्यांना एकसारखं, हे जे मी दाखवत आलो होतो, तेच त्यांनी मला दिलं होतं.

दुपारी मी त्यांच्या टेबलापाशी गेलो. ट्रेनिंगमधलं एकही वाक्य आठवायचं नाही, असं ठरवून गेलो. म्हणालो, "बारसं कधी ठरवताय?"

"बघू. बाळाची आई म्हणेल तेव्हा."

"मी येऊ का?"

त्यांचे हात थांबले. पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. असं कोणी विचारत नाही. मुलीच्या बापाला बारशाला यायला परवानगी लागत नाही. मला वाटतं, मी विचारलं याचंच त्यांना वाईट वाटलं. माझ्यामुळे गोष्ट इथवर आली, हे मी ते विचारून त्यांच्यापुढे ठेवलं होतं.

"या ना," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, ताका पुढे ओढत, "यायलाच पाहिजे. पाळण्याची दोरी मामाकडची असते. सुनेला भाऊ नाही, मग ती तुम्हीच आणायची."

मी हो म्हणालो. मग पुढच्या टेबलाकडे वळलो.