पोकळ हात

शिरपूरहून धुळ्याला जाणाऱ्या एसटीत ती माझ्या शेजारच्या सीटवर होती. पाच-सहा वर्षांच्या लेकीला मांडीवर पालथं घालून तिच्या पाठीवर दणादण हात मारत होती. मी निवृत्त मास्तर, मला बसमध्येही वर्गच दिसतो. अख्ख्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "बाई, लेकराला मारू नये. प्रेमानं समजवावं."

हात न थांबवता ती म्हणाली, "मारत नही, नाना. तिना कफ डिंकसारखा घट्ट शे. असं ठोकं का मग तो सुटस."

आजार जन्मापासूनचा, ती सांगू लागली. या आजारात घाम फार खारट असतो; तान्ही असताना लेकीचा मुका घेतला की ओठांना मीठ लागायचं, तिथूनच आईला शंका आली. तोच चिकटा पोटातही पाचकरसाची वाट अडवतो, म्हणून प्रत्येक जेवणाला गोळ्या लागतात. मी जाणत्यासारखी मान डोलवत होतो. शाळेत जीवशास्त्र मीच शिकवायचो, पण यातलं एक अक्षर मला ठाऊक नव्हतं.

मुलगी खोकली, रुमालात थुंकली आणि मोकळा श्वास घेऊन माझ्याकडे बघत हसली. आईनं मला तळवा दाखवला. पाणी प्यायला धरतो तसा वाकवलेला होता.

"मारनारा हात असा पोकळ नही ऱ्हास, नाना."

तीस वर्षं मी पोरांच्या पाठीत धपाटे घातले. तळवा एकदाही वाकला नव्हता. धुळं येईपर्यंत मी हात खिशातून बाहेर काढला नाही.