स्टूल कुणाला द्यायचं

डाळिंबाच्या पॅकहाऊसमध्ये मी पट्ट्यावरच्या बायकांची सुपरवायझर आहे. सरकत्या पट्ट्यावरून डाळिंबं येतात, बायका उभ्या राहून लहान-मोठी, डागी-बिनडागी वेगळी करतात आणि भरलेले क्रेट उचलून मागे ठेवतात. कंपनीची गाडी मला वरवंडहून घेते, न्हावऱ्याच्या, निमोण्याच्या बायकांना गोळा करते आणि शिरूरच्या अलीकडे आम्हाला उतरवते. जाता-येता गाडीत आमच्या गप्पा ऐकून ड्रायव्हरने मोठ्याने गाणी लावायचं सोडून दिलंय.

मुख्य ऑफिसातून एक साहेब आले आणि त्यांनी आम्हा सुपरवायझर लोकांच्या मोबाईलमध्ये 'कोच' घालून दिला. "हा माणूस नाही, एआय आहे. रोज सुट्टी झाली की याच्याशी बोला. टीमशी कसं वागायचं, विश्वास कसा कमवायचा, हे तो सांगेल. मनमोकळं बोला, कुणाला काही कळणार नाही." कुणाला कळणार नाही असं कुणी म्हटलं की मी आधी मागे वळून बघते. माझी सख्खी जाऊ पोटात काही ठेवत नाही, आणि हा कंपनीने फुकट दिलेला मास्तर ठेवणार?

चहाड्या करणारं माणूस पकडायची आमच्याकडे एक रीत आहे. ज्याच्यावर संशय, त्याच्या एकट्याच्या कानात खोटी बातमी सोडायची आणि ती कुठून बाहेर येते ते बघत बसायचं. माझ्या सासूने या रीतीने गल्लीतल्या भल्याभल्या बायका उघड्या पाडल्या होत्या. मी कोचला सांगितलं, "मला दौंडला दुसऱ्या कंपनीत बोलावलंय. दिवाळी झाली की मी निघाले." घरात नाही, शेजारी नाही, फक्त त्याला.

तो म्हणाला, "हा निर्णय सोपा नसणार. इथून जावंसं का वाटतंय?"

मला रागच आला. इतकी वर्षं राबतेय, पण हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. आणि बोलता बोलता तोंडातून खरंच निघून गेलं, की आमचे पॅकहाऊसचे साहेब सगळ्यांसमोर माझं बोलणं मधेच तोडतात, मग बायकांना वाटतं हिच्या शब्दाला काही किंमत नाही. लगेच जीभ चावली. खोटं सोडायला गेले होते आणि खरं देऊन बसले.

त्याच आठवड्यात साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून खुर्ची दिली. "बसा ताई. चहा घेणार?" आमचे साहेब तरुण आहेत, वाईटही नाहीत, पण चहा? मी मनात म्हटलं, बातमी पोचली. मात्र त्यांनी दौंडचं नाव काढलं नाही, दिवाळीचंही नाही. मग टेबलावरचा त्यांचा मोबाईल दिसला आणि माझ्या लक्षात आलं की कोच त्यांच्याही मोबाईलमध्ये आहे. तेव्हापासून पंचाईतच झाली. ते साधं "धन्यवाद" म्हणाले तरी कळेना, की हे यांच्या मनातलं, का त्याने पढवलेलं, का माझी बातमी लागल्यामुळे आलेलं. माणूस बरा वागायला लागला आणि मला त्याची जास्तच भीती वाटायला लागली.

त्याच सुमारास निमोण्याच्या एकीने मला नळापाशी गाठलं. पट्ट्यावरची सगळ्यात तोंडाळ बाई, पण त्या दिवशी इकडेतिकडे बघून हळू बोलली.

"ताई, मला दिवस गेल्यात. कुणाला बोलू नगा. तुमच्या त्या मोबाईलला तर मुळीच न्हाई."

आदल्या साली एकीचं पोट दिसायला लागलं, तेव्हा बायका पुरवणाऱ्या ठेकेदाराने "घरी आराम करा" म्हणत तिचा गेटपास काढून घेतला होता. ती परत आलीच नाही. ऑफिसला कळलं तर हिचंही तेच होणार, आणि नाही कळलं तर ही दिवसभर उभी राहून क्रेट उचलणार. मी कुणाला न विचारता तिला स्टिकर लावायला बसवलं. आमच्याकडे बसून करायचं तेवढं एकच काम आहे आणि स्टूलही एकच. तिच्या वाटणीचे क्रेट शेजारची न्हावऱ्याची बाई उचलू लागली, तिने हूं की चूं केलं नाही. मी घरून लिंबाचं लोणचं, चिंचेच्या गोळ्या आणायला लागले. निमोण्याची बाई बोटं चाटून खायची.

संध्याकाळी कोचने विचारलं, "आज तुम्ही एका ताईंची जागा बदललीत. कसं ठरवलंत?"

मोबाईल हातातून पडायचा राहिला. कोण कुठे उभं राहणार, हे मीच त्या मोबाईलवर भरते, ते याने वाचलं होतं. म्हणजे याला नुसते कान नव्हते, डोळेही होते. मी म्हटलं, "तिचा पाय दुखतोय."

"तुम्ही तिची काळजी घेतलीत, हे फार छान. साहेबांच्या कानावर घातलंत तर त्यांचीही मदत होईल."

बघा, गोड बोलून कुठे न्यायला निघाला होता! मी मोबाईल बंद केला आणि पिशवीत मेथीच्या जुडीखाली दाबून ठेवला.

मग एक दिवस साहेब पट्ट्यापाशी येऊन थांबले. "या बसून का?" बायकांचे हात चालूच होते, कान मात्र माझ्याकडे. मी म्हटलं, "साहेब, पट्टा माझ्याकडे आहे. कुणाला कुठे बसवायचं, ते मी बघते."

"पण ताई, प्रॉडक्शन..." एवढं म्हणून ते गप्प झाले. तोंड उघडंच होतं. मग म्हणाले, "ठीक आहे. तुम्ही बघा," आणि निघून गेले. मधेच तोडायची त्यांची सवय त्या दिवशी पहिल्यांदा मोडली. हे त्यांना कुणी शिकवलं, आणि शिकवणाऱ्याला कुणी सांगितलं, हा किडा अजून माझ्या डोक्यात वळवळतो. दौंडची बातमी काही बाहेर आलेली नाही, पण म्हणून मी त्या कोचला सोडलेलं नाही. मुरलेले चहाडखोर वेळ बघून बोलतात.

दुसऱ्या दिवशी डबे खाऊन झाल्यावर निमोण्याच्या बाईने भरलेला क्रेट उचलला आणि थेट डोक्यावर घेतला.

"अगं मेले, ठेव खाली!" मी किंचाळले. ती हसायला लागली. तिच्याबरोबर सगळा पट्टा हसायला लागला.

"कसलं दिवस नि कसलं काय, ताई! माझं आप्रेशन कवाच झालंय. आम्ही बघत व्हतो, तुमच्या मोबाईलातनं हापिसात जातंय का न्हाई त्ये."

अंगाचा तिळपापड झाला. माझं लोणचं खाल्लं हिने! हिच्यापायी मी साहेबांना उलटून बोलले! पण रागापेक्षा वाईट जास्त वाटलं. मी त्या यंत्राला चोर समजून खोटी बातमी चारत होते, तेव्हा या मला चोर समजत होत्या. रीतही तीच. एवढी वर्षं एका गाडीतून येतो-जातो, आणि यांच्या लेखी मी ऑफिसचा कान. डोळे भरून आले, म्हणून तोंड धुवायच्या निमित्ताने नळापाशी गेले.

मागून न्हावऱ्याची आली. तेव्हा मला आठवलं, सगळ्या हसत होत्या तेव्हा ही एकटीच हसली नव्हती.

"रागावू नगा, ताई. तिला म्याच पुढं घातली व्हती," ती म्हणाली. "दिवस मला गेल्यात. तिसरा सरत आलाय. तुम्हाला सांगावं का न्हाई, कळंना."

निमोण्याची ती धडधाकट बया स्टुलावर बसून माझं लोणचं चाटत होती, आणि तिच्या शेजारी उभी राहून ही दोघींचे क्रेट उचलत होती. माझ्या डोळ्यांदेखत. मला सांगावं की नाही हे ठरेपर्यंत.

मी आत गेले, निमोणेकरणीकडून स्टूल ओढून घेतलं आणि हिला खांद्याला धरून त्यावर बसवलं. पट्ट्यावर कुणी हसलं नाही.

संध्याकाळी कोचने विचारलं, "आज पुन्हा जागा बदलल्यात. काय झालं?"

"तिचा पाय बरा झाला," मी म्हटलं. "आता दुसरीचा दुखतोय."