एकट्यानं बाहेर जायचं नाही

मुदीरच्या, म्हणजे आमच्या मॅनेजरच्या, केबिनमध्ये मी एसी दुरुस्त करत होतो, तेव्हा दारातून कुणीतरी ओरडलं, "मुश्ताक गच्चीवर पडलाय!" कुवेतमधली जुलैची भर दुपार. हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं...

मुश्ताक रत्नागिरीकडचा. आम्ही दोघं एसी मेकॅनिक, फहाहीलमध्ये एकाच खोलीत राहायचो. मध्ये एक वर्ष तो दक्षिण ध्रुवाकडच्या संशोधन केंद्रावर जनरेटर मेकॅनिक म्हणून राहून आला. तिथे पोचल्याची गोष्ट तो रंगवून सांगायचा. बर्फ पाहिला होता तो फक्त माशांच्या पेटीतला. जहाजातून उतरला, सामान टाकलं आणि सवयीनं एकटाच जनरेटर बघायला निघाला. वारा असा सुटला, की मागचं दार दिसेना. भिंत चाचपडत परतला, तर केंद्रप्रमुखानं सगळ्यांसमोर त्याची बिनपाण्यानं केली. इथे एकट्यानं बाहेर जायचं नाही, हाक मारायला दुसरा हवाच. हा नियम मुश्ताक कुवेतच्या गच्च्यांवर घेऊन आला. "परकाश, तू आल्याबिगर मी शिडीला हात लावनार नाय," म्हणायचा.

उन्हाळ्यात दुपारी उघड्यावर काम करायला इथे बंदी आहे. तरी त्या दिवशी मुदीरनं मुश्ताकला गच्चीवरचं युनिट बघायला वर पाठवलं आणि मला स्वतःच्या केबिनचा एसी बघायला बोलावलं. मुश्ताक अडून बसला. "अरे, तू तो बर्फ में रहके आया है, तुझे क्या गर्मी लगेगी!" मुदीर म्हणाला. सगळे हसले. मुश्ताकही हसला, आणि एकटा वर गेला.

त्या माणसाला मी माफ करणार नाही. आमच्या खोलीवर समाचाराला येऊन तो डोळे पुसत होता, तेव्हा माझे हात शिवशिवत होते.

मुश्ताकचं ध्रुवावरचं जाडजूड नारिंगी जॅकेट आता मुदीरच्या टेबलासमोरच्या खुंटीला आहे. मी लावलंय. छातीवर नाव शिवलेलं आहे. आमची माणसं येता-जाता डोकावून बघतात, त्यामुळे ते काढायची त्याची हिंमत होत नाही.

गेल्या आठवड्यात त्याचा एसी पुन्हा बंद पडला. बिघाड गच्चीवरच्या युनिटमध्ये. बाकीच्या मेकॅनिकांनी नकार दिल्यावर त्यानं मला बोलावलं.

"प्रकाश, जरा देख ले ना."

"मैं अकेला नहीं जाता, साहब. मेरा जोडीदार तो गया. आप चलिए."

"अभी? इस धूप में?"

मी नुसतं जॅकेटकडे बघितलं... तो खुर्चीतून उठला नाही.

एसी अजून बंद आहे. रोज दुपारी मी दार उघडून विचारतो, "चलें, साहब?" तो घाम पुसत खाली बघतो. मग मी दार ओढून घेतो, घट्ट.